पोस्टग्रेस डॉकरमध्ये चालवताना शेअर्ड मेमरी वाढवून घ्यावी
सोलापुरातल्या एका चादर कारखान्याचा साठ्याचा पोस्टग्रेस डेटाबेस डॉकरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळ्या बंदिस्त ‘कंटेनर’मध्ये चालवणाऱ्या साधनात, चालतो. मार्चअखेरचा अहवाल काढताना, डिस्क निम्मी मोकळी असूनही, ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश देऊन क्वेरी (डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी) बंद पडली. दोष डिस्कचा नव्हता: डॉकर कंटेनरला मुळात 64 एमबीच शेअर्ड मेमरी (अनेक प्रक्रियांनी मिळून वापरायची मेमरी) देतो आणि पोस्टग्रेसच्या समांतर, म्हणजे अनेक प्रक्रियांत वाटून चालणाऱ्या, क्वेरी तीच वापरतात. म्हणून ‘एसएचएम साइज’ ही या मेमरीची मर्यादा 1 जीबी ठेवून कंटेनर नव्याने तयार करावा. मात्र त्याआधी डेटा कंटेनरबाहेरच्या व्हॉल्यूममध्ये (डॉकरच्या कायमस्वरूपी साठवणीत) आहे ना, याची खात्री करावी, कारण जुना कंटेनर काढला की त्याच्या आतला डेटाही जातो; इथली घाई फार महागात पडते. ‘शेअर्ड बफर्स’ (पोस्टग्रेस डेटा हाताशी ठेवण्यासाठी किती मेमरी वापरते) ही सेटिंग निराळी. केवळ डेटाबेससाठी राखलेल्या सर्व्हरवर ती रॅमच्या चौथ्या हिश्श्याइतकी ठेवून पोस्टग्रेस रीस्टार्ट करावे.