पोस्टातले पैसे काढताय? व्याज बुडवणाऱ्या या चुका टाळा

जुलैचा शेवटचा आठवडा आला की हर्णै, मिरकरवाडा, मालवणात बोटींची लगबग सुरू होते. 31 तारखेला मासेमारीची बंदी संपते आणि डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांची उचल असं सगळं एकदमच अंगावर येतं. मग 29-30 तारखेला पोस्टाच्या बचत खात्यातून पैसे निघतात आणि त्यांच्यावरचं अख्ख्या जुलैचं व्याज जातं.

पोस्टात रोजच्या शिलकीवर व्याज मिळत नाही. महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरीपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक राहिली, तिच्यावरच 4 टक्क्यांनी हिशोब होतो. 1 लाख रुपये 30 जुलैला काढले तर सुमारे 333 रुपये बुडाले. 1 ऑगस्टला काढले तर ते तुमचे. बर्फवाला दोन दिवस थांबत असेल तर थांबवा. पैसे भरताना मात्र 10 तारखेच्या आत भरा. आंब्याची पट्टी मिळाली आणि पैसे 12 मे रोजी पोस्टात टाकले, तर त्या रकमेला मे महिना कोरडाच जातो.

खातंच बंद करायचं असेल तर व्याज आदल्या महिन्यापर्यंतचंच मिळतं. म्हणजे 28 तारखेला बंद करण्यात काहीच शहाणपण नाही, पुढच्या महिन्याची 1 तारीख उजाडू द्या.

बँकेच्या बचत खात्याला हे तारखांचं गणित लावू नका. तिथे 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकीवर व्याज धरतात.

खरा फटका मुदत ठेव मोडताना बसतो. पाच वर्षांची ठेव सव्वा वर्षात मोडली तर पाच वर्षांचा दर विसरा. ठेव ठेवली त्या दिवशी सव्वा वर्षाच्या मुदतीला जो दर होता तो लागतो, वर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. म्हणून वर्ष पुरं व्हायला आठ-दहा दिवस उरले असताना ठेव मोडणं मला तरी पटत नाही. आधी काउंटरवर दोन्ही तारखांचे आकडे मागा. पोस्टाची मुदत ठेव पहिले सहा महिने मोडताच येत नाही, आणि सहा महिने ते वर्षाच्या आत मोडली तर बचत खात्याइतकंच व्याज. नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेली पाच वर्षांची ठेव तर चार वर्षं हलत नाही. मासिक उत्पन्न योजना वर्षानंतर पण तीन वर्षांच्या आत बंद केली तर मुद्दलातूनच 2 टक्के जातात, लाखाला 2,000.

गणपतीपुरती महिना-दोन महिन्यांची नड असेल तर बँकेतल्या ठेवीवर कर्ज घ्या. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज पडतं, तेही वापरलेल्या दिवसांचंच, आणि मूळ ठेव चालू राहते. आमच्याकडे यात अनेकांना उगाच कमीपणा वाटतो.

आणखी एक घोळ घराघरात होतो. ठेव आई आणि मुंबईच्या मुलाच्या नावावर असते. ‘दोघांपैकी कोणीही’ असं लिहिलेलं असलं तरी मुदतीआधी मोडायला बँक दोघांच्या सह्या मागू शकते. मुलगा चतुर्थीला गावी येईल तेव्हाच शाखेत जाऊन मुदतपूर्व पैसे काढण्याची संमती दोघांच्या सहीने लिहून द्या.