चासीचा गंज: वरून रंग, आतून भुगा

बॉडी उतरवली तेव्हा जुन्या गाडीची चासी, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, वरून बरी दिसत होती. बारक्या हातोडीने ठोकत गेलो. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला भद्द. मागची स्प्रिंग चासीला जिथे टांगलेली असते, त्या हँगरपाशी आवाज बसला. तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर सरळ आत गेला आणि तपकिरी पापुद्र्यांचा भुगा खाली सांडला. बंद पेटीची, म्हणजे आतून पोकळ असलेली चासी आतूनच कुजते. पाणी निघायची भोकं बुजली की आतला चिखल ओलाच राहतो.

कापण्याआधी आडवे लोखंडी अँगल वेल्डिंगचे टाके मारून बसवले, समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले कर्ण मोजून खडूने चासीवरच लिहिले. हे टाळलं तर चासी तिरकी होते, मग चाकांची अलाइनमेंट जुळता जुळत नाही. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी अर्थात आधीच काढली होती. ग्राइंडरने चकचकीत धातू लागेपर्यंत कापत गेलो. भोक तळहाताएवढं दिसत होतं, निघालं हातभर! गंजावरच पट्टी मारून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. वेल्ड धरायला खाली धातू तर हवा.

मूळ जाडीचाच, 3 मिमीचा पत्रा बसवला. मिगने (तार आपोआप सोडणाऱ्या वेल्डिंग मशीनने) थोडं इथे, थोडं तिथे असं वेल्डिंग केलं, म्हणजे एकाच जागी उष्णता साचून पत्रा ओढला जात नाही. मध्येमध्ये कर्ण तपासत राहिलो.

उरलेल्या भागावर वायर ब्रश, मग इपॉक्सी प्रायमर. वेल्डिंगने आतला रंग जळतोच, म्हणून लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात मारायचं गंजरोधक मेण) पाणी निघायच्या भोकांतून ठिबकेपर्यंत मारलं आणि तारेने भोकं पुन्हा मोकळी केली.