‘तसे झाले असते तर…’ : विसाव्या शतकाविषयी तर्क लढवताना या चुका टाळा

‘जीनांच्या क्षयाची बातमी वेळीच बाहेर आली असती, तर फाळणी टळली असती’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते अनुमान आहे की केवळ हळहळ, हे तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. हळहळ समजण्यासारखी आहे, कारण त्या फाळणीत एक कोटीहून अधिक माणसांची घरे सुटली. परंतु जर-तरचा खरा उपयोग वेगळा आहे. घडलेल्या घटनेतून एखादे कारण मनातल्या मनात बाजूला काढले, की उरलेल्या कारणांचे वजन लक्षात येते, आणि म्हणूनच हा तर्क इतिहासाच्या अभ्यासकाला आवश्यक वाटतो. तो फसतो तेव्हा बहुधा त्याच त्या ठरावीक जागी फसतो. त्या जागा ओळखता आल्या, तर लेख सुधारणे अवघड नसते.

बदलाला तारीख न देणे

वरच्या वाक्यातील सर्वांत मोठा दोष ‘वेळीच’ या शब्दात आहे. वेळीच म्हणजे केव्हा? ही बातमी 1945 च्या अखेरीस फुटली असती, तर मुस्लिम लीग निवडणुकीला सामोरी जात असतानाच तिच्या नेतृत्वाविषयी शंका उभी राहिली असती, आणि पंजाबात लीगच्या विरोधातील युनियनिस्ट पक्षाला कदाचित अधिक बळ मिळाले असते. तीच बातमी 1946 च्या उन्हाळ्यात आली असती, तर तोपर्यंत लीगने मध्यवर्ती विधानसभेतील सर्वच्या सर्व 30 मुस्लिम जागा जिंकलेल्या होत्या, म्हणजे मागणीमागे आता एका व्यक्तीखेरीज मतपेटीही उभी होती. आणि मार्च 1947 मध्ये आली असती, तर कलकत्त्याचा ऑगस्ट 1946 चा रक्तपात होऊन गेला होता, ब्रिटिश जून 1948 पर्यंत निघून जातील अशी घोषणा ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी 20 फेब्रुवारीला केली होती आणि पंजाबातील युनियनिस्ट नेते खिज्र हयात खान यांचे मंत्रिमंडळ कोसळले होते. जीनांचे निधन 11 सप्टेंबर 1948 रोजी झाले, हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे ‘थोडे थांबायला हवे होते’ असे आपण म्हणतो. पण थांबण्याची किंमत दर महिन्याला वाढत होती. तीन तारखांना तीन वेगळी उत्तरे मिळतात, आणि लेखकाने त्यांपैकी एक निवडलीच पाहिजे.

तारखेचे महत्त्व हिटलरवरील दोन हल्ल्यांची तुलना केली की आणखी स्पष्ट होते. म्युनिकच्या ज्या बिअरगृहात गेओर्ग एल्सरने बाँब ठेवला होता, तेथून 8 नोव्हेंबर 1939 रोजी हिटलर ठरल्यापेक्षा लवकर निघाला. धुक्यामुळे विमान रद्द झाले होते आणि त्याला रेल्वे गाठायची होती. स्फोट त्यानंतर 13 मिनिटांनी झाला. त्या वेळी फ्रान्स पडलेला नव्हता आणि सोव्हिएत संघावरील स्वारी दीड वर्ष दूर होती. 20 जुलै 1944 चा जर्मन सेनाधिकारी स्टाउफेनबर्गचा हिटलरला मारण्याचा प्रयत्न यशस्वी झाला असता, तरी दोस्त राष्ट्रांची फौज नॉर्मंडीत उतरलेली होती आणि बिनशर्त शरणागतीची अट जानेवारी 1943 पासूनच जाहीर होती. ‘हिटलर मारला गेला असता तर’ असे शीर्षक देऊन या दोन प्रसंगांना एकाच लेखात मिसळणे म्हणजे दोन निरनिराळे प्रश्न हरवून बसणे होय.

वाद तसाच ठेवून प्रसंग तेवढा पुसणे

10 जुलै 1946 रोजी मुंबईतील पत्रकार परिषदेत नेहरूंनी सांगितले की घटना समितीत जाण्यापलीकडे काँग्रेसने स्वतःला कशानेही बांधून घेतलेले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस लीगने, तीही मुंबईतच, भारत एकसंध ठेवण्यासाठी ब्रिटिशांनी मांडलेल्या कॅबिनेट मिशन योजनेला दिलेली संमती मागे घेतली आणि 16 ऑगस्ट हा ‘प्रत्यक्ष कृती’चा दिवस ठरवला. ही पत्रकार परिषद झालीच नसती, तर देश एकसंध राहिला असता, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो.

येथे करायची चाचणी सोपी आहे. ती परिषद पुसून टाका आणि मागे काय उरते ते पाहा. त्या योजनेतील प्रांतांचे तीन गट सक्तीचे की ऐच्छिक, हा वाद उरतो, कारण काँग्रेस कार्यकारिणीने जूनमध्येच आपला वेगळा अर्थ लेखी नोंदवला होता. बंगालच्या गटात जाण्याला आसामात गोपीनाथ बोर्डोलोई यांचा असलेला विरोध उरतो. केंद्राकडे केवळ परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण ठेवून एवढा मोठा देश चालवता येईल का, ही शंकाही उरते. परिषदेमुळे तडजोड मोडण्याची घटिका जवळ आली असे म्हणता येईल, आणि माझ्या मते ते म्हणणे रास्त आहे. पण मोडण्याचे कारण त्या एका दुपारीत होते असे म्हणण्यासाठी लेखकाला उरलेल्या तिन्ही गोष्टींचे उत्तर द्यावे लागेल. ज्या लेखात हे उत्तर नसते, तो लेख कारणाऐवजी गुन्हेगार शोधत असतो.

अडथळ्यांपैकी एकच काढणे

जर्मनीने एप्रिल 1941 मध्ये युगोस्लाव्हिया आणि ग्रीसवर हल्ला केला नसता, तर रशियावरील स्वारी 22 जूनऐवजी मेच्या मध्यावर सुरू होऊन हिवाळ्यापूर्वी मॉस्को पडले असते, असा युक्तिवाद वारंवार वाचायला मिळतो. मूळ आदेशात तयारी 15 मेपर्यंत पूर्ण करण्याचे म्हटले होते, हे खरे आहे. मात्र त्या वर्षी पूर्व युरोपातील वसंत लांबला होता, सीमेवरच्या बुग नदीसारख्या नद्यांना पूर होते आणि ओल्या, कच्च्या रस्त्यांवर रणगाडे पुढे सरकणे कठीण होते. बाल्कन मोहीम काढून घेतली तरी चिखल तसाच राहतो. रेल्वेच्या रुळांची रुंदी वेगळी असल्याने रसद मागे पडण्याची अडचणही कायम राहते. म्हणून एखादा अडथळा कथेतून काढण्यापूर्वी त्याच वेळी त्याच ठिकाणी दुसरे कोणते अडथळे होते, त्यांची यादी करावी; अशा लेखातील निम्म्याहून अधिक दुरुस्ती या यादीनेच होते.

एका बदलात दडलेले दोन बदल

साराएव्होत 28 जून 1914 रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याच्या गाडीचा मार्ग बदलल्याचे चालकाला कोणी सांगितले नाही, गाडी चुकीच्या वळणावर वळली आणि त्याच्यावर गोळी झाडणाऱ्या प्रिन्सिपच्या समोरच थांबली. (तो तेथे सँडविच खात होता, ही कथा बरीच नंतरची आहे, ती लेखात घेऊ नये.) गाडी सरळ गेली असती तर युद्धाचे निमित्त टळले असते, एवढेच बहुतेक जण लिहितात. पण फ्रान्झ फर्डिनांड जिवंत राहणे हा याहून मोठा बदल आहे. सर्बियावर चढाई करावी असा आग्रह ऑस्ट्रियाचे सेनाप्रमुख कॉनराड वारंवार धरत होते, आणि त्याला विरोध करणाऱ्या वजनदार व्यक्तींपैकी हा युवराज एक होता. त्या गोळीने ठिणगीही पडली आणि ती विझवू शकणारा एक हातही गेला. हे दोन परिणाम वेगवेगळे मांडले नाहीत, तर ‘युद्ध अटळ होते’ आणि ‘युद्ध अपघाती होते’ या दोन टोकांमध्ये लेख नुसता हेलकावे खातो.

आपले ज्ञान त्यांच्या डोक्यात घालणे

ऑक्टोबर 1962 मध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्रे आढळल्यावर क्युबावर स्वारी करावी असा सल्ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना त्यांच्या सेनाधिकाऱ्यांनी दिला होता. बेटावर सुमारे 42,000 सोव्हिएत सैनिक आहेत आणि रणभूमीवर वापरण्याची छोटी अण्वस्त्रेही आधीच पोहोचली आहेत, हे त्यांपैकी कोणालाच माहीत नव्हते. त्या अस्त्रांची गोष्ट 1992 मध्ये हवाना येथील परिषदेत उघड झाली. त्यामुळे स्वारीचे परिणाम रंगवताना लेखकाने आजची माहिती खुशाल वापरावी, पण स्वारीचा निर्णय होईल की नाही हे ठरवताना ती पूर्णपणे बाजूला ठेवावी.

साखळी लांबवणे

पहिले महायुद्ध झाले नसते, म्हणून हिटलर सत्तेवर आला नसता, म्हणून दुसरे महायुद्ध झाले नसते, म्हणून भारताचे स्वातंत्र्य लांबले असते किंवा लवकर आले असते, अशी साखळी वाचताना ठाम वाटते. परंतु प्रत्येक कडी खरी ठरण्याची शक्यता 70 टक्के धरली, तरी पाच कड्यांनंतर ती 17 टक्क्यांच्या आसपास उरते. पहिल्या कडीसाठी जुलै 1914 मधील व्हिएन्नाचे पुरावे हाताशी असतात, दुसरीसाठी अंदाज असतो, आणि तिसरीपासून पुढे लेखकाची इच्छाच बोलू लागते. दुसऱ्या कडीपाशी थांबावे, हा माझा आग्रह आहे.

अंतर पाहणे, मतदार न पाहणे

गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी झालेल्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 आणि वेगळा केंद्रशासित प्रदेश राहण्याच्या बाजूने 1,72,191 मते पडली. फरक 34,021 मतांचा असल्यामुळे साधारण 17,000 लोकांनी मत बदलले असते तर गोवा महाराष्ट्रात आला असता, हे गणित अगदी बरोबर आहे, आणि तेवढ्यावर पुष्कळ जण लेख संपवतात. पण ते 17,000 लोक कोण? विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष कौलात हरला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांच्या नेतृत्वाखाली तोच पुन्हा सत्तेवर आला. याचा अर्थ, त्या पक्षाला आपला मानणाऱ्या काही मतदारांनाही विलीनीकरण नको होते. कूळ, जमीन, शिक्षण आणि जातीचे जुने वर्चस्व या प्रश्नांवर त्यांनी बांदोडकरांना साथ दिली असावी, आणि राज्याच्या सीमेविषयी मात्र वेगळा निर्णय घेतला असावा. त्या मतदाराने मत का बदलले असते, हे सांगता आल्याखेरीज विलीन झालेल्या गोव्याविषयी पुढचे काहीही लिहू नये.