बातमीमागचे विज्ञान रेडिओवर सांगताना या चुका टाळा

खानदेशातल्या बातम्यांचे विषय बहुतांशी ऋतू ठरवतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचे तापमान, जूनमध्ये लांबलेला पाऊस, ऑगस्टमध्ये तापीवरच्या हतनूर धरणाचे उघडलेले दरवाजे, आणि वर्षभर केळी-कापसावरचे रोग. या बातम्यांमागचे विज्ञान पाच-दहा मिनिटांत उलगडणारे सदर आकाशवाणीच्या स्थानिक केंद्रावर, सामुदायिक रेडिओवर किंवा महाविद्यालयाच्या केंद्रावर करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. अशी सदरे फसतात तेव्हा त्यांतले विज्ञान चुकलेले असतेच असे नाही. पुष्कळदा माहिती बरोबर असते, पण बातमीतला आकडा कोणी, कुठे आणि कसा मोजला हे सांगायचेच राहून जाते आणि त्यामुळे पुढचे सगळे विवेचन अधांतरी लटकते.

तापमानाचा आकडा जसाच्या तसा उचलणे

उन्हाळ्यात सकाळी मोबाइलवरचा आकडा वेगळा, गाडीतला वेगळा आणि हवामान विभागाचा तिसराच असतो. श्रोते नेमके याबद्दलच विचारतात, आणि सदर मात्र थेट उष्माघाताच्या लक्षणांवर उडी घेते. हवामान विभाग तापमान मोजतो ते उन्हात नव्हे, तर जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या जाळीदार पेटीतल्या सावलीत. मोबाइलवर दिसतो तो बहुधा संगणकीय प्रारूपाचा अंदाज असतो आणि गाडीतल्या तापमापकावर डांबरी रस्त्याच्या व इंजिनाच्या उष्णतेचा परिणाम झालेला असतो. एवढी दोन-तीन वाक्ये सुरुवातीलाच सांगितली, तर पुढचे बोलणे ऐकणाऱ्याच्या मनात नीट बसते.

एकाच केंद्राच्या नोंदीवर विक्रम जाहीर करू नये. 29 मे 2024 रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने 52.9 अंश सेल्सिअसची नोंद केली आणि देशातला सर्वोच्च आकडा म्हणून ती काही तासांत सर्वत्र पसरली. त्याच दिवशी दिल्लीतल्या आसपासच्या केंद्रांवर तापमान त्याहून बरेच कमी होते. हवामान विभागाने तपासणी केली, तेव्हा त्या संवेदकात सुमारे तीन अंशांची चूक असल्याचे आढळले. त्यामुळे राजस्थानातल्या फलोदी येथील 19 मे 2016 च्या 51 अंशांचा विक्रम कायम राहिला. असा आकडा हाती येईल तेव्हा शेजारच्या केंद्रांवर काय नोंद झाली आहे, हे आधी पाहावे. ते तपासायला वेळ नसेल, तर आकडा प्राथमिक असल्याचे निवेदनातच सांगावे.

उष्णतेच्या लाटेच्या निकषाबद्दलही गोंधळ होतो. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश असून ते सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी किंवा त्याहून अधिक वर गेले, अथवा थेट 45 अंशांवर पोहोचले, तर लाट मानली जाते. आपल्याकडे मे महिन्यातले सरासरी कमाल तापमानच चाळिशीच्या पुढे असते, त्यामुळे 44 अंशांना घामाघूम झालेल्या माणसाला ‘लाट नाही’ असे ऐकावे लागते. हा निकष विसंगत नाही. तो त्या ठिकाणाच्या नेहमीच्या तापमानाशी तुलना करतो, शरीराला होणारा त्रास मोजत नाही. हा भेद सांगितला नाही, तर श्रोत्यांचा हवामान विभागावरचा विश्वास उडतो, आणि माझ्या मते त्याचा दोष सदराकडेच जातो.

हतनूरचे दरवाजे मोजणे आणि पाणी न मोजणे

या विषयात आपल्या भागात सर्वाधिक चुका होतात आणि त्यांचे परिणाम नदीकाठच्या गावांना भोगावे लागतात, म्हणून येथे जरा थांबणे आवश्यक आहे. हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत आणि बातमीत ‘इतके दरवाजे उघडले’ हेच ठळकपणे येते. परंतु विसर्ग, म्हणजे धरणातून दर सेकंदाला सुटणारे पाणी, केवळ दरवाजांच्या संख्येवर ठरत नाही. दरवाजा किती उचलला आणि त्यामागे पाण्याची पातळी किती आहे, यांवरही तो अवलंबून असतो. सगळे दरवाजे थोडे उचलले असता जेवढे पाणी सुटेल, त्याहून जास्त पाणी मोजकेच दरवाजे पूर्ण उघडल्यावर सुटू शकते.

दुसरी चूक एककाची. विसर्ग कधी क्युसेकमध्ये कळवला जातो, कधी क्युमेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28.3 लिटर, एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजेच 1,000 लिटर. दोहोंत सुमारे 35 पटींचा फरक आहे. 1,000 क्युमेकचा विसर्ग 1,000 क्युसेक म्हणून वाचला गेला, तर पूर ओढ्याएवढा वाटेल. संहितेत एकच एकक ठरवावे, आलेला प्रत्येक आकडा त्यात बदलून घ्यावा आणि श्रोत्याला तो डोळ्यांपुढे आणता येईल असे काही द्यावे: 10,000 लिटरचे 100 टँकर दर सेकंदाला रिकामे होत असतील, तर तो 1,000 क्युमेकचा प्रवाह. या वेगाने एक टीएमसी, म्हणजे सुमारे 28.3 दशलक्ष घनमीटर पाणी, जेमतेम आठ तासांत निघून जाते.

तिसरी चूक नकाशाची आहे. ‘आमच्याकडे पाऊसच नाही, मग पूर कसा?’ हा प्रश्न भुसावळ-यावल पट्ट्यात दर वर्षी विचारला जातो. तापी मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते. पूर्णा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांचे पाणी घेऊन चांगदेवजवळ तापीला मिळते, आणि हतनूर या संगमाच्या खालच्या अंगाला आहे. म्हणून हतनूरच्या पाण्याची बातमी सांगताना भुसावळच्या आकाशाऐवजी विदर्भ व मध्य प्रदेशातल्या पाणलोटातल्या पावसाचे आकडे आधी द्यावेत.

प्रत्येक गोष्टीचे एकच कारण देणे

पाऊस लांबला की ‘एल निनो’ हे नाव पुढे करून विषय संपवला जातो. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यातले पाणी सरासरीपेक्षा तापले की आपला मोसमी पाऊस कमजोर पडण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे, पण ती शक्यता आहे, नियम नव्हे. 1997 मधला एल निनो अतिशय तीव्र होता, तरी देशातला पाऊस सरासरीच्या आसपास राहिला. 2002 मधला त्या मानाने सौम्य होता आणि पाऊस सुमारे 19 टक्क्यांनी घटला. ही दोन वर्षे शेजारी ठेवून सांगितली, तर श्रोत्याला पावसावर परिणाम करणाऱ्या इतर गोष्टींची, उदाहरणार्थ हिंदी महासागराची, भूमिका समजून घेण्याची इच्छा आपोआप होते. देशभराचा पाऊस ‘सामान्य’ म्हणजे पारोळा किंवा साक्री तालुक्यातलाही सामान्य, असा अर्थ निघत नाही, हेही त्याच भागात सांगून टाकावे.

रोगाच्या बातमीत औषधाची घाई

केळीवरील सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, त्याची बातमी रावेर-यावलमधून आली की पहिला प्रश्न ‘फवारायचे काय?’ हा असतो आणि सदरही त्याच्याच मागे धावते. हा विषाणू आहे, आणि एकदा झाडात शिरल्यावर त्याला मारणारी फवारणी नाही. मावा किडीमार्फत तो पसरतो, म्हणून उपाय तीन ठिकाणी करायचे असतात: माव्याचे नियंत्रण, रोगट झाडे उपटून नष्ट करणे, आणि काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो यांसारखी विषाणूला आसरा देणारी पिके व तणे बागेजवळ न ठेवणे. कीटकनाशक विषाणूवर नव्हे तर माव्यावर काम करते, एवढे एकच वाक्य श्रोत्यांपर्यंत पोहोचले तरी अनाठायी फवारणीचा खर्च वाचतो. मात्रा व उत्पादनाचे नाव रेडिओवर सांगू नये. एकदाच ऐकलेला आकडा चुकीचा लक्षात राहण्याचा धोका मोठा असतो, त्यासाठी कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावे.

ताज्या संशोधनाचा उत्साह

जुलै 2023 मध्ये ‘एलके-99’ हा पदार्थ सामान्य तापमानाला अतिसंवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा, असल्याचा दावा तज्ज्ञ-परीक्षण न झालेल्या लेखांतून आला आणि जगभर गाजला. ऑगस्ट संपण्यापूर्वीच अनेक प्रयोगशाळांनी तो पडताळून खोडून काढला. अशा बातमीचे सदर लगेच करायला हरकत नाही, मात्र दावा काय आहे यापेक्षा तो तपासतात कसा, यावर अर्ध्याहून अधिक वेळ द्यावा. आरोग्याच्या बातमीत ‘धोका 18 टक्क्यांनी वाढतो’ असे असेल, तर कोणाच्या तुलनेत आणि मुळात धोका किती, हे विचारल्याशिवाय आकडा वाचू नये. मुळात 100 पैकी 5 जणांना होणारा आजार 18 टक्क्यांनी वाढला, तर तो सुमारे 6 जणांना होईल.

कानाला न झेपणारी संहिता

वाचक मागे जाऊन पुन्हा वाचतो, श्रोत्याला ती सोय नाही. ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘अनुक्रमे’ असे शब्द कागदावर ठीक, रेडिओवर निरुपयोगी. एका मिनिटात दोनांहून अधिक आकडे आले, तर त्यांतला एकही लक्षात राहत नाही. तज्ज्ञ परिभाषेत अडकले, तर मध्येच तोडण्यापेक्षा ‘हे शेतात उभ्या माणसाला कसे दिसेल?’ असे विचारावे, उत्तर बहुधा आपोआप सोपे होते. प्रश्न विचारणारा श्रोता अहिराणी किंवा तावडी बोलीत बोलत असेल, तर त्याचा आवाज तसाच ठेवावा, निवेदकाने तो प्रमाण मराठीत पुन्हा म्हणून दाखवण्याची गरज नसते.

आवाज हेच साधन असल्याने काही विषय रेडिओवर छापील पानापेक्षा अधिक चांगले समजावता येतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते, हे श्रोता घरात बसून करून पाहू शकतो. मध्यम लहरींच्या संचावर विजेच्या वेळी होणारी खरखर त्याच विजेच्या विद्युतचुंबकीय लहरींची असते, तीही ऐकवावी. मात्र गडगडाट मुद्रित करायला कोणालाही उघड्यावर किंवा झाडाखाली उभे करू नये. शेतात मुद्रण करताना वाऱ्याची घरघर येत असेल, तर माइकवर स्पंजाचे आवरण घालून वाऱ्याकडे पाठ करावी. खोलीत घुमत असेल, तर पंखा बंद करून पडदे-गोधड्यांच्या जवळ बसावे. फोनवरच्या मुलाखतीत शब्द तुटत असतील, तर पाहुण्यांना स्वतःच्या मोबाइलवर मुद्रण करून ती फाइल पाठवायला सांगावे.

शेवटची चूक फेरप्रक्षेपणात होते. विसर्ग, तापमान किंवा इशाऱ्याचा आकडा असलेला भाग आठवड्याने पुन्हा लागला, तर जुने पाणी नव्याने सुटल्याची बातमी गावागावांत पसरते. त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या वेळीच बदलणारे आकडे वेगळ्या तुकड्यात ठेवावेत, तारीख निवेदकाच्या तोंडी यावी, आणि फेरप्रक्षेपणाच्या प्रतीतून तो तुकडा काढून टाकावा.