कॅमेऱ्याची बॉडी बदलताय? आधी लेन्स उलटी करून बघा

बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. अशाच एका रात्री गर्दीत माझ्या हातात नवी निकॉन डी५६०० होती; जुनी डी९० आठवड्यापूर्वीच देऊन टाकली होती. समोर मावळ्याच्या वेशातलं पोर मशाल धरून उभं. बटण अर्धं दाबलं, पण ५० एमएम एफ/१.८डी लेन्स जागची हलेना.

बिघाड कसलाच नव्हता. या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. बॉडीतली (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यातली) मोटर माउंटवरचा, म्हणजे लेन्स जिथे बसते तिथला बारीक स्क्रू फिरवते तेव्हा फोकस होतो. डी९०मध्ये ती मोटर आहे, डी३००० आणि डी५००० मालिकेत नाही. म्हणून लेन्स उलटी करा. धातूच्या रिंगवर स्क्रूची खाच दिसली आणि नावात एएफ-एस किंवा एएफ-पी (स्वतःची मोटर असल्याची खूण) नसेल, तर डी७५०० किंवा निकॉनचा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर बघा. निकॉनच्या मिररलेस कॅमेऱ्यावर अशा लेन्स बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही ही मोटर नाही.

आधीच घेऊन बसला असाल तर हातानं रिंग फिरवा. व्ह्यूफाइंडरमध्ये डावीकडे खाली हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस बसला. स्क्रीनवर 'एफईई' लुकलुकत असेल तर लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग २२ वर नेऊन लॉक करा. मी त्या रात्री असेच फोटो काढले.

कॅननवाल्यांची अडचण वेगळी. लेन्सवर पांढरा चौकोन म्हणजे ईएफ-एस, छोट्या सेन्सरच्या बॉडीसाठीची. ती ६डी, ५डी या फुल फ्रेम बॉडीवर बसतच नाही. लाल ठिपक्याची ईएफ दोन्हीकडे चालते. ९०डी किंवा ८५०डी घेणार असाल तर त्यांच्या रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फाइल) सीआर३ प्रकारच्या असतात. स्टुडिओतलं फोटो एडिटिंगचं जुनं लाइटरूम ६ त्या उघडत नाही. त्या फाइल डीएनजीत बदलणारा अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, तो लग्नसराईआधीच टाकून ठेवा.

जुना कॅमेरा घेताना शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती क्लिक झाले, ते विचाराच. ८०डीचं शटर एक लाख क्लिकसाठी धरलेलं आहे. शिवाय आपल्याकडे खानापूर-जांबोटीचा पाऊस, म्हणजे ओल आलीच. लेन्समधून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

दुकानात जाताना स्वतःच्या लेन्स आणि कार्ड सोबत न्या. तिथेच चार फोटो काढा, घरी येऊन रॉ फाइल उघडून बघा. जुनी बॉडी त्यानंतरच विका.