बांध दरवर्षी तिथेच फुटतो? उताराच्या रानात या चुका टाळा

बेळगाव-खानापूरच्या पश्चिम भागात, बेकिनकेरेच्या माळापासून जांबोटी-कणकुंबीपर्यंत, ऑगस्ट सरता सरता एकच तक्रार कानावर येते : गेल्या वर्षी नवा घातलेला बांध यंदाही त्याच जागी फुटला. मग उन्हाळ्यात जेसीबी बोलवायचा, आणखी दोन फूट माती चढवायची आणि पुढच्या आषाढात पुन्हा तेच. बांध ठेंगणा होता म्हणून फुटला, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा खरं कारण असतं ते पाण्याला वाट न ठेवल्याचं.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा चांगलीच आहे, पण ती दुष्काळी मुलखाची. आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर कणकुंबीला तीन हजारांच्या वर. पाणी जागेवर थोपवणारा समतल बांध साधारण 700-750 मिलिमीटरच्या आतल्या पावसाला शोभतो. आपल्या तांबड्या उतारावर तो घातला, की पंधरा दिवसांच्या झडीत जमीन तुडुंब होते, बांधाचा पाया भिजून मऊ पडतो आणि सगळं तुंबलेलं पाणी एकदम सुटतं. बांध नसता तर गेली नसती एवढी माती त्या एका रात्रीत जाते.

आपल्याकडे हवा ढाळीचा बांध. उताराला आडवा, पण शंभर फुटांना तीन-चार इंच एका बाजूला उतरणारा. एवढा ढाळ नजरेला कळत नाही, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. गवंड्याची पाण्याची नळी घ्या आणि दर पंचवीस फुटांवर खुंटी मारा. प्रत्येक खुंटी आधीच्या खुंटीपेक्षा साधारण एक इंच खाली. दोघांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. रेषा वाकडीतिकडी आली तर येऊ द्या. ती सरळ करायला गेलात की मध्ये खोलगट जागा राहते आणि पाणी नेमकं तिथेच जमतं.

बांध दरवर्षी एकाच ठिकाणी फुटत असेल तर ती जागा मे महिन्यात नीट बघा. वरून येणारी जुनी ओघळ तिथेच बांधाला भेटत असते. तिथे माती ओतणं थांबवा. बांध तेवढ्यापुरता खाली घेऊन दगडी सांडवा करा आणि पाणी जिथे पडतं तिथेही मोठे धोंडे बसवा, नाहीतर खालून पोखरत पोखरत खड्डा मागे सरकतो आणि सांडव्यासकट सगळं घेऊन जातो. सांडव्याचं पाणी खालच्या माणसाच्या रानात सोडू नका. गवत राखलेल्या चरातून नाल्यापर्यंत न्या. हे शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय होत नाही. बांध कोरण्यावरून कोर्टात गेलेली दोन घरं पाण्याच्या वाटेवर एकत्र बसतील का, हा प्रश्न मात्र नळीने सुटत नाही. भावकीतलं कोणी थोरलं माणूस मध्ये घाला.

भाताच्या खाचरातला बांध वरून धडधाकट दिसतो आणि आतून गळतो, तेव्हा काम खेकड्याचं असतं. बांधाच्या बाहेरच्या अंगाला ओल्या मातीच्या गोळ्यांचा ढीग दिसला की बीळ तिथेच. बिळात दगड ठोकून भागत नाही, पाणी दगडाच्या कडेने वाट काढतं. बीळ शेवटपर्यंत उकरा, चिकट माती थराथराने भरून तुडवा, आणि चिखलणीच्या वेळी आतली बाजू चिखलाने लिंपून घ्या. जुनी माणसं दरवर्षी हे करायची. रोटर आल्यापासून चिखलणी दोन तासांत उरकते आणि लिंपण राहून जातं.

रताळ्याच्या वरंब्यांचं दुखणं वेगळं. पाणी साचलं की रताळी कुजतात, म्हणून वरंबे उताराच्या दिशेने, वरून खाली ओढले जातात. भीती खरी आहे, पण जुलैमध्ये वेल पसरायच्या आधी प्रत्येक सरी छोटी ओघळ होते. पूर्ण आडवे वरंबेही नकोत, मुसळधार पावसात ते एकामागोमाग एक फुटतात. बांधासारखाच ढाळ देऊन तिरके ओढा. उतार लांब असेल तर मध्ये गवताचा पट्टा सोडा. काढणीच्या वेळी तर जमीन नांगरून उलटीपालटी होते, आणि नवरात्राच्या बाजारासाठी घाई केली की त्यावरच परतीचा पाऊस पडतो. म्हणून वरचा तुकडा आधी काढायचा असेल तर खालचा वेलांसकट उभा ठेवा.

एवढी खटपट कशासाठी? एका एकरावरून नुसता एक मिलिमीटर थर गेला तरी चार घनमीटर माती जाते, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास. डोळ्यांना काही दिसतही नाही. मलप्रभेच्या काठची असेल तर ती नविलुतीर्थाच्या धरणाकडे जाते. तिथून कोणी परत आणून देत नाही.

बांधावर वाळा लावायचा सल्ला सगळे देतात. लावताना मात्र फूट-फूट अंतर सोडतात. मग दोन ठोंबांमधून पाणी जोरात पळतं आणि वाळ्याचा काही उपयोग नाही म्हणून बोंब होते. ठोंब चार ते सहा इंचांवर, पाऊस सुरू झाल्या झाल्या लावा. पहिलं वर्ष शेळ्यांपासून राखा आणि दुसऱ्या पावसाळ्यात मेलेल्या जागा भरून काढा. मुळं विकायला म्हणून ओळ उपटू नका. वाळा मिळत नसेल तर गिरीपुष्पाच्या फांद्या खोचा, पाला भाताच्या चिखलात घालता येतो.

काजूसाठी माळ सपाट करताना जेसीबीवाल्याला एक गोष्ट आधीच सांगा : वरची वीतभर माती बाजूला ढीग करून ठेवायची आणि शेवटी परत पसरायची. तासाचं भाडं वाढतं म्हणून तो टाळेल. न सांगितलं तर चांगली माती भरावाच्या तळाशी गाडली जाते आणि वर जांभ्याचे खडे उरतात. असं आधीच झालं असेल, तर रोपांची घाई न करता दोन पावसाळे ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येताच गाडा, आणि शेणखत सगळ्या माळावर उधळण्याऐवजी खड्ड्यापुरतं घाला.