पी.ई. पॉवर: आधी गुणपत्रिका, मग गणितं

अमेरिकेत पी.ई., म्हणजे इंजिनिअरच्या व्यावसायिक परवान्याची (प्रोफेशनल इंजिनिअर) परीक्षा, इलेक्ट्रिकलच्या पॉवर शाखेतून द्यायची ठरली की आपण पहिल्यांदा पुस्तकं मागवतो. त्याआधी भारतातल्या आपल्या विद्यापीठाला गुणपत्रिकांसाठी अर्ज करा. परदेशी पदवी असली की बहुतेक राज्यांची परवाना देणारी बोर्डं तिचं मूल्यमापन मागतात, आणि त्यासाठी आपल्या फायलीतली झेरॉक्स चालत नाही. माझ्या गुणपत्रिका पोचेपर्यंत अर्धा अभ्यास उरकला होता. अनुभवाची वर्षं परीक्षेआधी भरावी लागतात की नंतर दाखवली तरी चालतात, हे राज्यागणिक बदलतं. बोर्डाचे नियम स्वतः वाचा, मित्राच्या राज्यावरून अंदाज बांधू नका. नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळायला हवं. पासपोर्टवर वडिलांचं नाव तुमच्या नावाला चिकटून छापलेलं असेल, तर ही भानगड आत्ताच मिटवा.

आता अभ्यास. प्रश्न ८०, वेळ ८ तास, म्हणजे प्रश्नाला सरासरी ६ मिनिटं. डिसेंबर २०२० पासून पॉवरची परीक्षा संगणकावर आहे आणि स्वतःचं एकही पान आत नेता येत नाही. संदर्भाला परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेचं हँडबुक आणि कोड, म्हणजे अमेरिकेतल्या वायरिंगचे वगैरे नियम, पडद्यावर मिळतात. ते हँडबुक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. पहिल्या दिवसापासून तेच उघडून सोडवा, छापून घेऊ नका. तुमच्या परीक्षेला कोडची कुठली आवृत्ती लागू आहे तेही तिथेच बघा.

कोड शोधण्याचा सराव वेगळा करावा लागतो. एका वेळी कोडचं एकच प्रकरण उघडतं. त्यामुळे ग्राउंडिंग (अर्थिंग) कलम २५० मध्ये म्हणजे दुसऱ्या प्रकरणात, वायरी ३१० म्हणजे तिसऱ्यात, मोटर ४३० म्हणजे चौथ्यात, एवढं तोंडपाठ हवं. नुसतं ‘मोटर’ शोधलंत तर निकालांच्या ढिगात बसाल. एक नमुना बघा. ५० हॉर्सपॉवर, ४६० व्होल्ट, थ्री फेज मोटर, नेमप्लेटवर ६१ अँपिअर; वायर कुठली? नेमप्लेटवरचा करंट ओव्हरलोड संरक्षणासाठी, वायरीसाठी तक्त्यातला करंट घ्यायचा, म्हणजे ६५. त्याच्या १२५ टक्के झाले ८१.२५. तांब्याच्या ७५ अंशांच्या रकान्यात ४ नंबरची वायर ८५ ची, ती बसते. आणि १२५ टक्के विसरलात तर ६ नंबरची बरोब्बर ६५ ची दिसते, आपण खूश होऊन ती टिचकावतो. मी सरावात दोनदा टिचकावली.

आपल्यासाठी आणखी एक खड्डा: हात ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि चौरस मिलिमीटरवर बसलेला असतो. इथे ४८०, ६० आणि एडब्ल्यूजी, म्हणजे वायरीच्या जाडीचे अमेरिकन नंबर, आणि एडब्ल्यूजीत नंबर वाढला की वायर बारीक होते. पर युनिटचा, म्हणजे ठरवलेल्या बेसच्या पटीत मोजण्याचा, बेस बदलणं मात्र तिकडच्यासारखंच आहे. १० एमव्हीएचा (मेगाव्होल्ट-अँपिअर) ८ टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर १०० एमव्हीए बेसवर ०.८ होतो, व्होल्टेज बेस तोच असेल तर. हे तोंडी यावं. फॉल्ट, संरक्षण, ट्रान्सफॉर्मर यांना वेळ द्या. प्रकाशयोजनेला एक संध्याकाळ पुरे.

कॅल्क्युलेटर नवा घ्यायलाच हवा असं नाही. कॉलेजातला कॅसिओ एफएक्स-९९१ चालतो, आणि पोलर रूपातले भागाकार त्यावर एका झटक्यात होतात. महिनाभर आधी एका रविवारी पूर्ण ८ तासांची सराव परीक्षा बसून द्या, मध्ये जेवणाची सुट्टी घेऊन. सुट्टीला गेलात की आधीच्या भागाकडे परत येता येत नाही, तेव्हा उठण्यापूर्वी एकही प्रश्न रिकामा ठेवू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आणि आत जाण्याआधी कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला नाही ना, एवढं बघा.